हान्स घोडा आणि वर्गातील मूल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात एका घोड्याची कीर्ती दूरवर पसरली होती. घोड्याचे नाव हान्स आणि त्याचा धनी विल्हेल्म फॉन ओस्टेन हा एक निवृत्त गणित-शिक्षक. वर्गातील मुलांना शिकवावे तितक्याच चिकाटीने या शिक्षकाने घोड्याला अंक शिकवले. ‘पाच आणि तीन किती?’ असे विचारले की हान्स आठ वेळा खूर आपटे आणि थांबे. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, महिन्याच्या तारखा, सर्व प्रश्नांना खुराने उत्तर मिळे. 1904 साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली. समितीला कोठेही लबाडी आढळली नाही. धनी जवळ नसताना परक्या माणसाने विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे घोडा बरोबर देत होता.

श्टुम्फ यांचा तरुण सहकारी ऑस्कर फुंग्स्ट मात्र एवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोड्याचे गणित कोलमडले. मग घोड्याला प्रश्नकर्ता दिसणार नाही असे आडोसे लावले. तेव्हाही तेच घडले. 1907 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फुंग्स्टने या कोड्याचा उलगडा मांडला. प्रश्न विचारून झाला की विचारणारा खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुके, आणि घोडा खूर आपटू लागे. अपेक्षित आकडा येताच विचारणाऱ्याची मान अगदी नकळत, केसभर वर होई, आणि घोडा थांबे. हान्सला अंकगणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता. पुढे फुंग्स्टने स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोरच्या व्यक्तीने मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टने हाताने ठोके द्यायचे. बहुतेकांच्या मनातला आकडा त्याने त्यांच्या मानेवरून ओळखला. आपण खूण केली, हे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच जाणवले नव्हते.

देहबोलीच्या अभ्यासातील ही कथा शाळेच्या व्यासपीठावर सांगण्याजोगी आहे, कारण तिच्या केंद्रस्थानी एक शिक्षक आहे आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा एक विद्यार्थी आहे. फॉन ओस्टेन लबाड नव्हता. तो जे शिकवत आहे असे त्याला वाटत होते, ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि जे पोहोचत होते ते त्याने शिकवायला घेतलेलेच नव्हते. घरोघरी आणि वर्गावर्गांत हेच घडत असते.

मराठी भाषेला हे रहस्य फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नाक मुरडणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, डोळे वटारणे, तोंड पाडणे, कान टवकारणे, बोटे मोडणे, पाठ फिरवणे: मनाचे व्यापार सांगण्यासाठी या भाषेने शरीराचा एकही अवयव मोकळा सोडलेला नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने तर या विषयाची शिस्तबद्ध मांडणी केली. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. हाताच्या मुद्रा, पदन्यास, दृष्टी हे सरावाने साधते. परंतु स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव मन त्या अवस्थेत गेल्यावाचून उमटत नाहीत. घाम, काटा, कंप आणि चेहऱ्याचा उडालेला रंग यांच्यामागे स्वायत्त चेतासंस्था असते आणि ती इच्छेचे हुकूम पाळत नाही, असे आधुनिक शरीरशास्त्र सांगते. 1872 साली चार्ल्स डार्विन यांनी माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा या प्रश्नाला जीवशास्त्राचे अधिष्ठान लाभले.

मूल ही भाषा शब्दांच्या आधी शिकते. 1970 च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई प्रथम आपल्या तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग काही मिनिटे ती बाळाकडे पाहत राहते, परंतु चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, हात हलवते, हुंकार देते. उत्तर येत नाही असे दिसताच ते अस्वस्थ होते आणि अखेरीस मान वळवून घेते. आई समोरच असते, पण तिचा चेहरा उत्तर देत नाही, एवढेच त्या बाळाला पुरेसे होते. हातातील यंत्रावर नजर खिळवून ‘हं, सांग, ऐकतोय’ म्हणणाऱ्या पालकाने हा प्रयोग विसरू नये.

थोडे मोठे झालेले मूल शाळेत येते, तेथेही हेच वाचन चालू राहते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे 1 सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तेवढ्या वेळात उत्तर आले नाही, तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो. हुशार मानलेल्या मुलांसाठी ही प्रतीक्षा अधिक असे आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. शिक्षकांनी जाणीवपूर्वक 3 सेकंद किंवा अधिक थांबायला सुरुवात केल्यावर उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागली. थांबणे हेदेखील बोलणेच आहे. ‘तुझ्याकडून उत्तर येईल’ हा विश्वास त्या दोन-तीन सेकंदांतून मुलापर्यंत पोहोचतो. घाईने वळवलेली मान त्याला नेमके उलटे सांगते.

येथपर्यंतचे ऐकून देहबोली वाचण्याची विद्या आत्मसात करावी, असा मोह कोणालाही होईल. बाजारात तशी पुस्तके आणि शिबिरे भरपूर आहेत. संवादातील 7 टक्के भाग शब्दांचा, 38 टक्के स्वराचा आणि 55 टक्के चेहऱ्याचा, हे सूत्र तेथे हमखास सांगितले जाते. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या संशोधनातून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती. प्रश्न एवढाच होता की, बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखताना शब्द, स्वर आणि चेहरा यांपैकी कशाचा प्रभाव किती पडतो. सर्वच संवादाला हे सूत्र लावता येत नाही, असे स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. शब्दांना खरोखरच 7 टक्के मोल असते, तर परक्या भाषेतील व्याख्यान बहुतांशी समजायला हवे होते.

दुसरा मोह अधिक घातक आहे. चेहऱ्यावरून खोटे पकडता येते, असे बहुतेकांना वाटते. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 साली या विषयावरील 206 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. खरे-खोटे ओळखण्याचे माणसाचे यश सरासरी 54 टक्के निघाले. नाणे उडवून कौल घेतला तरी 50 टक्के यश मिळते. त्याच वर्षी 75 देशांतील लोकांच्या समजुतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोटे बोलणारा नजर चुकवतो, ही समजूत त्यात सर्वांत आघाडीवर होती. प्रत्यक्षात नजर आणि असत्य यांचा असा भरवशाचा संबंध संशोधनात आढळत नाही. घाम फुटतो तो भीतीने, आणि पकडले जाण्याची भीती व खरे बोलूनही विश्वास न बसण्याची भीती यांचा घाम सारखाच असतो.

फुटलेल्या काचेबद्दल विचारणा होते, वर्गातला एक मुलगा मान खाली घालून उभा राहतो, आणि ‘नजर वर करून बोल’ असे त्याला दरडावले जाते. त्याने नजर वर केली तर तो उद्धट ठरतो, न केली तर अपराधी ठरतो. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्दामपणा मानला जातो, त्या घरातून आलेल्या मुलाची खाली गेलेली मान आदराचीही असू शकते. निरनिराळ्या प्रांतांचे लोक शेजारी राहतात अशा शहरांत तर ही चूक सहज होते. दक्षिणेत मान दोन्ही बाजूंना डोलावून दिलेला होकार नव्याने आलेल्या उत्तर भारतीयाला नकार वाटतो. एकाच वर्गात चार रीतींची मुले बसत असतील, तर हावभावांचा एकच कोश सर्वांना लावणे अन्यायाचे ठरते.

यातून एक विषम नाते पुढे येते. वडीलधाऱ्यांची देहबोली मुले दिवसरात्र, वर्षानुवर्षे वाचतात. त्यांचे सुख त्या वाचनावर अवलंबून असते, म्हणून ती त्यात तरबेज होतात. वडीलधारी माणसे मात्र मुलांकडे घाईने पाहतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. म्हणून शरीराची जाण प्रथम स्वतःकडे वळवावी, आणि मुलाच्या बाबतीत तिचा उपयोग केवळ प्रश्न विचारण्यापुरता करावा. मुलाचे खांदे पडलेले दिसले, तर तेथे चौकशीला आरंभ व्हावा. निदान मात्र त्याच्या शब्दांतूनच यावे.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या आणि तिच्यात मुले घालणाऱ्या समाजासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. ‘मातृभाषा जपली पाहिजे’ हे वाक्य घरात नित्य उच्चारले जाते. परंतु दुकानात किंवा प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर मूल मोठ्याने मराठीत बोलू लागले की पालकाचा हात नकळत त्याच्या खांद्यावर दाबला जातो आणि स्वर खाली येतो. सुटीत आजोळी गेलेले मूल ‘माझा पुस्तक’ म्हणते आणि बैठकीत एक हसू पसरते. कोणी रागावत नाही, कोणी दुरुस्तही करत नाही. पुढच्या वेळी ते मूल हिंदीत उत्तर देते, आणि ‘याला मराठीची गोडीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरे तर गोडी होती. चेहऱ्यांची परीक्षा पाहून तिने माघार घेतली. भाषेविषयीचे प्रेम आणि भाषेविषयीचा संकोच या दोन्ही गोष्टी मूल भाषणांतून शिकत नाही. बर्लिनच्या त्या घोड्याप्रमाणे केसभर हललेल्या मानेवरून ते त्या शिकते.

या शाळेने साठ वर्षांत काय दिले, याची मोजदाद निकालांच्या तक्त्यांतून काही अंशी होईल. तक्त्यांत न मावणारेही पुष्कळ आहे: फळ्याकडून वर्गाकडे वळलेला प्रसन्न चेहरा, अडखळणाऱ्या वाक्यापाशी न थकता थांबलेली नजर, चुकलेल्या उत्तरानंतरही पाठीवर राहिलेला हात. आज पालक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना त्या धड्यांचे शब्द आठवोत वा न आठवोत. आज घरी गेल्यावर मूल अडखळत, चुकत मराठीत काही सांगू लागेल, तेव्हा यंत्र बाजूला ठेवून त्याच्याकडे वळावे, तीन सेकंद थांबावे आणि त्याचे वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यावे.