दारू सोडायची, तर सोबत हवी



दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया झाल्या. मळणी उरकून धान खरेदी केंद्रावर पोचले. एरवी या दिवसांत मी तुमच्याशी उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांबद्दल बोलतो. आज मात्र धानाचा पैसा ज्या एका वाटेने जातो, तिच्याबद्दल बोलायचे आहे. ती वाट दारूची. मोहाची असो की दुकानातली, घर दोन्हींनी सारखेच बसते.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बांधीत मी धानाचे प्रात्यक्षिक घेतले होते. माणूस कामाला वाघ. पण ऐन रोवणीत तो आठवडाभर पिऊन पडला. पऱ्हे जुने झाले, प्रात्यक्षिक बिघडले. "हा सुधारणार नाही," असे म्हणून मी त्याचे नाव वहीतून खोडले. पुढे त्याची पत्नी बाजारात भेटली. म्हणाली, "साहेब, धानाले खोडकिडा लागला तर तुम्ही दवाई सांगता जी. माणसाले कीड लागली तर नावच खोडता?" मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी माहिती काढली. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. मधुमेहासारखेच याचे पथ्य जन्मभर पाळावे लागते. शपथा घालून किंवा मारझोड करून तो जात नाही. आणि एकट्याने पथ्य पाळणे कठीण, म्हणून सोबत हवी.

ही सोबत देणारी एक जुनी संघटना आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. तिला थोडक्यात ए.ए. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलू लागले. दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळे बोलले की आपलीही दारूची ओढ आवरते, हे त्यांना कळले. त्यातून हे काम वाढले. आपल्या देशात १९५७ साली मुंबईला त्याची सुरुवात झाली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे यांचा मोठा हातभार लागला.

सभेत काय होते? लोक गोलात बसतात. एकेक जण स्वतःची हकीकत सांगतो. उपदेश नाही, फी नाही. डबा फिरतो, त्यात इच्छेप्रमाणे टाका, नसेल तर टाकू नका. आडनाव, जात, गाव कोणी विचारत नाही, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही असा नेम आहे. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. "जन्मभर पिणार नाही" अशी आणही घ्यायची नसते. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या.

त्या शेतकऱ्याला घेऊन मी नागपूरच्या सभेला गेलो. पहिल्या खेपेला तो एक शब्द बोलला नाही. परतताना एस.टी.त म्हणाला, "साहेब, माह्यासारखे आणखी आहेत जी." पुढे तो एकटा जाऊ लागला. मधे एका लग्नात पाय घसरला, तरी पुन्हा सभेला गेला. आता दोन खरीप झाले, रोवणी वेळेवर होते.

आता जायचे कसे, ते सांगतो.

१. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. जवळची सभा व केंद्र विचारून घ्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

२. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे घडते, प्रसंगी जीव जातो. अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात न्या. सभा ही औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही.

३. जेवणात चोरून घालायच्या पुड्या आणू नका. त्यात काय आहे ते ठाऊक नसते, आणि वर दारू प्यायली तर काही औषधे जिवावर बेततात.

४. एका सभेवर ठरवू नका. निदान पाच-सहा वेळा जा.

५. घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. पिणारा जायला तयार नसला तरी बहिणींनो, तुम्ही जाऊ शकता.

६. सभा दूर असेल तर दोघे-तिघे मिळून गावातच सुरू करता येते. शाळेची खोली किंवा समाजमंदिर पुरे. त्यासाठी आधी जुन्या सभेच्या माणसांचा सल्ला घ्या.

बंधूंनो, एका हंगामात पीक बुडाले म्हणून आपण शेत विकत नाही. पुन्हा नांगरतो. घरातल्या, शेजारच्या माणसालाही तेवढी संधी द्या. धानाचे चुकारे हाती आहेत, तोवरच फोन करा. त्या माणसाचे नाव मी माझ्या वहीत पुन्हा लिहिले आहे.

नमस्कार.