माननीय अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती प्राचार्यसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले तंत्रशिक्षक बंधुभगिनींनो आणि मिरजकरहो,

स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! कार्यक्रमपत्रिकेत मला पाच मिनिटे दिली आहेत. मिरजकराला मिरजेविषयी पाच मिनिटांत बोलायला लावणे हा जुलूमच आहे. तरी शिकस्त करतो.

बाहेरगावच्या माणसाला मिरज ठाऊक असते ती जंक्शन म्हणून, नाहीतर दवाखान्यांचे गाव म्हणून. दोन्ही खरेच. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे रुग्णालय सुरू केले आणि कर्नाटकातले रोगीही मिरजेची वाट धरू लागले. एप्रिल २०१६मध्ये तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन गाडी निघाली, ती आमच्याच स्टेशनातून. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ चिरविश्रांती घेत आहेत आणि उरुसाला आजही गवई तिथे हजेरी लावतात.

पण माझा जीव अडकला आहे तो फरीदसाहेब शिकलगारांत. तलवारी-भाल्यांना धार लावणारे हे घराणे. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला. इकडे मिरजेचे संस्थानिक पटवर्धन सरकार यांच्या पदरी गवयांची वर्दळ. त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीला जाणकार हात मिळेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी ते काम अंगावर घेतले आणि पुढे तंबोरेच घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर दांडी, खुंट्या, घोडी आणि सरतेशेवटी जवारी, म्हणजे तारेला गुंज आणणारी घोडीची घडण! कारागीर घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, कान लावतो. धागा तसूभर हलला तरी आवाज बुजतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. 

अध्यक्ष महाराज घड्याळ पाहत आहेत, तेव्हा विषयाकडे वळतो. आपल्या प्राचार्यसाहेबांनी पत्र्याच्या शेडमध्ये तंत्रनिकेतन उभे केले, तेव्हापासून त्यांचा एक शिरस्ता होता. नव्या पोराच्या हातात आधी कानस द्यायची. त्याने घासलेल्या लोखंडी तुकड्याला साहेब स्वतः गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फट दिसली की दोनच शब्द : ‘पुन्हा घास.’ माझ्या धाकट्या भावाने ते पुष्कळदा ऐकले, म्हणून आज त्याचे वर्कशॉप चालते आहे. फरीदसाहेबांच्या गावाला असाच प्राचार्य शोभतो.

आता क्षमायाचना. मंडपाला पंखे कमी पडताहेत, निवासाच्या खोल्या एकमेकींपासून लांब आहेत, डासांचा बंदोबस्त आमच्या हाती नाही. दुपारी वीज गेल्यास जनरेटरची सोय आहे. तो सुरू व्हायला दोन मिनिटे लागतात, कृपया कोणी उठू नये. जेवण साधे आहे, पण वाढणारे हात आग्रही आहेत. या साऱ्याचा भार उचलणारे मार्केट यार्डातील व्यापारी, बंगल्यांतल्या खोल्या उघडून देणारे डॉक्टर, भाडे नाकारणारे मंडपवाले, पुण्याहून आणि आखातातून देणगी पाठवणारे माजी विद्यार्थी आणि रात्रभर खुर्च्या मांडणारे आजी विद्यार्थी, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचा उल्लेख राहिला असेल तर त्यांनी मला जेवणाच्या पंगतीत गाठून खडसावावे.

शेवटी एक विनंती. प्राचार्यसाहेब, निवृत्त झालात तरी मिरज सोडू नका. आणि पाहुण्यांनो, परतीच्या गाडीआधी सतारमेकर गल्लीत एक फेरी माराच. जाताना एखादे वाद्य विकत घ्या, नाहीच जमले तर आपल्या संस्थेतली दोन पोरे सुट्टीत तिथे शिकायला पाठवा. त्यांच्या राहण्याजेवण्याची जबाबदारी स्वागत समितीची.