स्नोबोर्डची बॅग: आधी रिकामं वजन विचारा

हिवाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. "गुलमर्गला चाललोय, बोर्ड स्वतःचा आहे, बॅग कुठली घेऊ?" आज फक्त तेवढंच बोलू या.

पहिल्यांदाच जात असाल तर गुलमर्गला बोर्ड आणि बूट भाड्याने मिळतात. ते घ्या, बॅगेचे पैसे वाचवा आणि हा भाग इथेच बंद करा. मला राग नाही येणार! पण पैसे साठवून बोर्ड घेतलाय, तो मुंबई-पुण्याहून धड पोहोचवायचाय, तर थांबा.

आपल्याकडे देशातल्या विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारण 15 किलो चेक-इन सामान फुकट नेता येतं. सगळा खेळ या आकड्याचा आहे. बाइंडिंगसकट बोर्ड 4 ते 5 किलोचा. बुटांची जोडी अडीच-तीन किलोची. हेल्मेट, जॅकेट, पँट, थर्मल धरा आणखी 4 किलो. झाले की 11-12! आता जाड गादीची, चाकांची बॅग घेतलीत तर ती रिकामीच 4 किलोच्या आसपास भरते. म्हणजे टूथब्रश ठेवायच्या आधीच तुम्ही काठावर. बिनचाकांची, पण पॅडिंग असलेली बॅग दीड-दोन किलोत येते. दुकानदार खिसे किती ते उत्साहाने सांगतो, रिकामं वजन सांगत नाही. ते आपणच विचारायचं.

"अरे, पण चाकं हवीतच ना?" विमानतळावर हवीत, कबूल. पण श्रीनगरहून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. बर्फ पडला की तंगमर्गच्या पुढे चाकांना चेन लावलेल्या गाडीने वर जायचं. बॅग टपावर, दोरीने आवळलेली. पुढे गाडीपासून हॉटेलपर्यंत ताज्या बर्फात बॅगेची चाकं फिरत नाहीत, नांगरासारखी रुततात. तेव्हा तुम्ही ती खांद्यावरच घेणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गुलमर्गसाठी चाकांपेक्षा रुंद खांदपट्टा आणि दोन्ही टोकांना शिवलेले मजबूत हँडल जास्त कामाचे. परदेशात रेल्वे बदलत फिरणार असाल, तर चाकांचे पैसे वसूल होतील. टपावरचा बर्फ वितळतो, तेव्हा तळाचं कापड पाणी न शोषणारं हवं.

लांबी बघताना शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घ्यायची आपली सवय सोडा. बोर्ड वाढत नाही! 156 सेंटिमीटरच्या बोर्डला 165 ची बॅग पुष्कळ झाली. जास्त मोठी घेतली की बोर्ड आत घसरतो आणि दर वेळी टोकावर आपटतो. पॅडिंग खरं तिथेच लागतं, दोन्ही टोकांना आणि कडांना. त्यात बोर्डाची पोलादी कड आतून कापड कापते, म्हणून तिथे दुहेरी थर आहे का ते हात घालून बघा. विमानात एवढं लांब सामान वेगळ्या नियमात जातं, तेव्हा तिकीट काढतानाच खेळाचं साहित्य म्हणून नोंदवा. उत्तर ईमेलवर मागा, फोनवरचं "हो सर, चालेल" काउंटरवर चालत नाही.

बाइंडिंग काढून जॅकेटमध्ये गुंडाळा, स्क्रू छोट्या पाकिटात. स्क्रूड्रायव्हर मात्र चेक-इनमध्येच, केबिनमध्ये तो नेऊ देत नाहीत. बूट जमले तर केबिनमध्ये घ्या. बॅग मागे राहिली तर बोर्ड भाड्याने मिळेल, तुमच्या पायाला बसलेले बूट नाही मिळणार. शिवाय चेक-इनचे तीन किलो वाचतात, ते वेगळंच.

येताना श्रीनगर विमानतळाच्या फाटकावरच गाडीतून सामान उतरवून तपासतात. थंडीत, हातमोजे घालून, मागे गाड्यांची रांग. अशा वेळी पूर्ण लांबीची चेन आणि तिला मोठी दोरी असेल तर बॅग दोन सेकंदांत उघडते. अर्ध्यापर्यंत उघडणारी असेल तर बोर्ड ओढून काढत बसा!

आणि घरी आल्यावर दमून बॅग तशीच माळ्यावर टाकू नका. आत ओल असते, कड पोलादाची, त्यात आपली मुंबई-कोकणची हवा. त्याच रात्री बोर्ड काढून पुसा, बॅग उलटी करून पंख्याखाली टाका. आतलं अस्तर पुसता येईल असं गुळगुळीत हवं, ते यासाठीच. पावसाळ्यात तर बोर्ड बॅगेबाहेरच राहू दे, पलंगामागे उभा.