चिनी काढा : कोणता, किती आणि कोठवर ?

सर्दी, खोकला, अंग मोडून येणें, पोट बिघडणें या रोजच्या तक्रारी सर्व देशांत सारख्याच. आणि त्यांवर प्रथम स्वयंपाकघरांतला उपाय करून पाहण्याची माणसाची संवयही सारखीच. चीन देशांतील अशा उपचारांविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. मी वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. पण या विषयांतला एक धडा मला स्वतःच्या देहावर गिरवावा लागला, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

मूल पावसांत भिजून आलें कीं चिनी आई त्यास आल्याचे काप व तांबूस साखर घालून उकळलेलें पाणी पाजते. उन्हाळ्यांत शेवंतीच्या वाळलेल्या फुलांचा चहा होतो. दुखण्यांतून उठलेल्या माणसास तांदळाची मऊ पेज देतात. हें ऐकून आपल्यापैकीं कोणासही आपल्या आजीची आठवण होईल. तथापि या घरगुती उपायांच्या मागें तेथें एक मोठें व जुनें शास्त्र उभें आहे.

इ. स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग नांवाचा एक वैद्य होऊन गेला. त्याच्या कुळांत दोनशेंहून अधिक माणसें होतीं; दहा वर्षांच्या आंत त्यांपैकीं दोन-तृतीयांश मरण पावलीं, आणि मेलेल्यांत दहांपैकीं सात जणांस थंडीच्या बाधेनें आलेला ताप नडला, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. या दुःखांतून त्यानें जो ग्रंथ रचिला, त्याचा तापांविषयींचा भाग पुढें 'शांगहान लुन' या नांवानें प्रसिद्ध झाला, व चिनी वैद्यकाचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. त्यांतील एक काढा असा : दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनी नांवाच्या फुलझाडाचें मूळ, ज्येष्ठमध, ओलें आलें आणि बारा चिनी बोरें. सात मापें पाणी मंदाग्नीवर आटवून तीन मापें उरवावें व त्यांतील एक माप घ्यावें. लागलीच वर ऊन ऊन पातळ पेज प्यावी आणि पांघरूण घेऊन पडावें. अंगास बारीकसा घाम आला कीं पुरे. पाण्यासारखा वाहूं देऊं नये. पहिल्याच मात्रेनें उतार पडला, तर उरलेला काढा घेऊंच नये. केला आहे म्हणून संपविलाच पाहिजे असें नाहीं.

शिवाय हा काढा तापकऱ्यास घाम येत असेल तरच. घाम येत नसेल तर काढा निराळा, व त्यांत माहुआंग नांवाची वनस्पति मुख्य. तिच्यांतील इफेड्रिन हें द्रव्य हृदयाची गति आणि रक्तदाब वाढवितें. म्हणजे दुखण्याचें नांव एकच, पण माणूस पाहून औषध बदलावयाचें.

आतां माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत मला खोकला जडला. सिंगापुराहून आलेल्या पुतण्यानें चिनी काढ्याच्या भुकटीचीं पाकिटें आणून दिलीं. चार दिवसांत खोकला गेला. पण काढा मोठा गोड, जिभेस रुचला, म्हणून मी तो दिवसांतून तीन वेळां दीड महिना घेत राहिलों. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. हळूहळू पाय सुजले, जिना चढतांना पोटऱ्यांतलें बळ गेल्यासारखें वाटूं लागलें, रक्तदाब चढला. डॉक्टरांनीं विचारलें, "दुसरें कांहीं औषध घेतां काय?" मी म्हटलें, "छे, कांहीं नाहीं." काढ्याला मी औषध समजतच नव्हतों! त्यांनीं बिचाऱ्यांनीं गोळी वाढविली. पुढच्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींनीं एक रिकामें पाकीट डॉक्टरांच्या मेजावर ठेविलें, तेव्हां उलगडा झाला. त्यांत ज्येष्ठमध होता. ज्येष्ठमधांतील ग्लिसिरायझिन या द्रव्याचें अतिसेवन झालें, म्हणजे शरीरांत मीठ व पाणी सांठतें आणि पोटॅशियम कमी होतें. रक्त तपासलें तों तेंच निघालें. काढा बंद केल्यावर कांहीं आठवड्यांनीं प्रकृति पूर्ववत् झाली. "आधीं प्रश्न नीट वाचा" असें जन्मभर मुलांस बजावणाऱ्या मास्तरानें पाकिटावरचें एक अक्षर न वाचतां औषध घेतलें, आणि त्या प्राचीन वैद्याचा थांबण्याचा नियम मोडला.

माझें निभावलें; सर्वांचें निभावतें असें नाहीं. १९९० नंतरच्या वर्षांत बेल्जम देशांत बारीक होण्यासाठीं चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारें शंभर लोकांचीं, बहुतेक स्त्रियांचीं, मूत्रपिंडें बिघडलीं. चौकशी होतां असें आढळलें कीं, 'फांगजी' या एका नांवाखालीं दोन मुळ्या विकल्या जात, आणि इष्ट मुळीच्या जागीं विषारी मुळी आली होती. आपल्याकडील सापसंद ही वेल त्या विषारी मुळीच्याच जातीची आहे. नांवाचें साम्य किती महाग पडतें तें पाहा.

मग हें सारें वैद्यक टाकाऊ काय ? मुळींच नाहीं. चौथ्या शतकांत गे होंग यानें हिंवतापावर छिंगहाव ही वनस्पति पाण्यांत भिजवून, पिळून रस घ्यावा, असें लिहिलें. काढा करा म्हणून नव्हे, पिळून घ्या म्हणून ! या एका वाक्यावरून तू यूयू या चिनी विदुषीस सुचलें कीं उष्णतेनें गुण नासत असावा. त्यांनीं १९७१ सालीं कमी उष्णतेवर इथरनें अर्क काढला, आणि त्यांतून आर्टेमिसिनिन हें औषध हातीं आलें. २०१५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या वचनाचा मान त्यांनीं तें पारखून राखला.

तेव्हां श्रोते हो, आल्याचें पाणी, शेवंतीचा चहा, पेज हीं खुशाल घ्यावीं. पण पाकिटांतली मुळी वा गोळी हातीं आली कीं तीन प्रश्न विचारावे : हें कोणतें, किती घ्यावयाचें, आणि कोठवर ? उत्तर न मिळाल्यास पाकीट मिटून ठेवावें. रक्तदाबाचीं किंवा रक्त पातळ करण्याचीं औषधें चालू असणाऱ्यांनीं, तसेंच गर्भवतींनीं, डॉक्टरांस विचारल्याखेरीज तें उघडूं नये. छातींत दुखूं लागलें, धाप लागली, वा ताप हटेना, तर चुलीकडे न जातां दवाखान्याकडे जावें. आणि डॉक्टरांनीं "दुसरें कांहीं घेतां काय?" असें विचारल्यास काढ्याचें नांवही सांगावें. माझ्याप्रमाणें तें सांगावयास आपल्या घरच्यांची वाट पाहूं नये.