पोटाचे बोलणे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातील मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यात आयुष्य वेचले. अशा शिक्षकाचे स्मरण करताना मुलांच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे, या विचाराने मी आजचा विषय निवडला. पचनसंस्था आणि मज्जासंस्था या विषयावर मराठीचा निवृत्त प्राध्यापक काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. वैद्यक शिकवण्याचा अधिकार मला नाही, हे मी आरंभीच सांगतो. परंतु शरीर आपल्याशी सतत बोलत असते. ते बोलणे समजून घेणे आणि योग्य शब्दांत दुसऱ्याला सांगणे हा भाषेचाही प्रश्न आहे, आणि तेवढ्यापुरता हा विषय माझा आहे.

प्रथम पचनसंस्थेचा मार्ग पाहू. आपण भाकरीचा तुकडा तोंडात घालतो तेव्हाच पचनास आरंभ होतो. दात तो दळतात आणि लाळ त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. भाकरी पुष्कळ वेळ चावली की गोड लागते, ती यामुळेच. दिवसाकाठी सुमारे एक ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात स्रवते. घास गिळला की सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून तो जठरात उतरतो. जठर पोटाच्या वरच्या भागात, डावीकडे असते. तेथील तीव्र आम्ल आणि पाचकरस डाळीतील प्रथिनांचे विघटन करू लागतात आणि दोन ते चार तासांत अन्नाची पातळ लापशी होते. मग लहान आतडे लागते. उजव्या बाजूच्या यकृतातून आलेले पित्त तूप-तेलाचे बारीक कण करते, स्वादुपिंडाचा रस उरलेले पचन करतो, आणि सुमारे सहा मीटर लांबीच्या या आतड्याच्या मखमली अस्तरातून अन्नरस रक्तात शोषला जातो. पुढे सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे पाणी शोषून घेते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, तेथे पोटाच्या खालच्या उजव्या भागात करंगळीएवढी एक बंद नळी लोंबत असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता दुसरी संस्था पाहू. कवटीत सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू असतो. त्यापासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून ३१. काही तंतू शरीराची वार्ता मेंदूकडे नेतात, तर काही मेंदूची आज्ञा स्नायूंकडे आणतात. सर्वांची गती सारखी नसते. जलद तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, तर वेदनेचे काही तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. ठेच लागताच प्रथम तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मंद ठणका सुरू होतो, त्याचे कारण हेच.

या दोन संस्था आपण पाठ्यपुस्तकात दोन निराळ्या धड्यांत शिकतो. देहात मात्र त्या एकमेकींत विणलेल्या आहेत. घास चावणे आणि गिळणे आपल्या इच्छेवर आहे, आणि मार्गाच्या अखेरीस मलविसर्जन काही अंशी आपल्या हाती आहे. मधला सारा कारभार आपल्याला न विचारता चालतो. आतड्यांच्या भिंतींतच मज्जापेशींची दाट जाळी असते. या पेशी दहा कोटींहून अधिक आहेत. मेंदूच्या आज्ञेवाचूनही आतड्याची पुढे सरकणारी लाट त्या चालू ठेवू शकतात. लँग्ली या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये या जाळ्याचा स्वतंत्र विभाग मानून त्याला नाव दिले. मेंदू आणि पोट यांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंची दहावी जोडी. तिला ‘व्हेगस’ म्हणतात, आणि या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भटका’ असा आहे. तिच्यातील बहुसंख्य तंतू वरून खाली आज्ञा आणत नाहीत, ते खालून वर वार्ता नेतात. पोट मेंदूचे जितके ऐकते, त्याहून अधिक ते मेंदूला सांगते.

आपल्या भाषेला याची जाणीव पूर्वीपासून आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवते, लेकराच्या आठवणीने आईचे आतडे तुटते आणि चिंच पाहताच तोंडाला पाणी सुटते. हे केवळ अलंकार नव्हेत. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. विल्यम बोमाँट या डॉक्टरांनी त्या छिद्रातून अनेक वर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. राग आणि भीती यांनी जठराचे अस्तर आणि त्याचा पाझर बदलतो, हे त्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. पुढे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी अन्न जठरात पोचण्यापूर्वीच मज्जातंतूंच्या प्रेरणेने पाचकरस कसा स्रवू लागतो ते दाखवले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे आपण आजच्या मुख्य मुद्द्याशी आलो. पोट बोलते, पण त्याची भाषा अस्पष्ट असते. बोटाच्या टोकाला काटा रुतला तर डोळे मिटूनही आपण नेमकी जागा दाखवतो, कारण त्वचेत संवेदना नेणाऱ्या तंतूंची दाटी असते. आतड्यांत असे तंतू विरळ आहेत. आतडे कापले तरी त्याला फारसे कळत नाही. ते ताणले गेले, आवळले गेले, सुजले किंवा त्याचे रक्त तुटले, तरच ते ओरडते. शिवाय त्याची वार्ता मज्जारज्जूत ज्या दाराने शिरते, त्याच दाराने त्वचेच्या एखाद्या भागाची वार्ताही शिरत असते. मेंदूला रोजची ओळख त्वचेची, म्हणून आतल्या दुखण्याचा पत्ता तो बाहेरच्या त्वचेवर लिहितो.

आंत्रपुच्छाचे उदाहरण घ्या. ते असते उजवीकडे, खाली. परंतु त्याला सूज आली की दुखणे बहुधा प्रथम बेंबीभोवती जाणवते. आंत्रपुच्छाचे वेदनातंतू आणि बेंबीभोवतीच्या त्वचेचे तंतू मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर, छातीच्या भागातील दहाव्या जोडीपाशी, आत शिरतात. या वेळी भूक मरते आणि मळमळते. काही तासांनी सूज वाढून पोटाच्या पोकळीच्या अस्तराला भिडते. त्या अस्तराचे तंतू त्वचेसारखे नेमके असतात, म्हणून मग दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि एका जागी टोचू लागते. ‘आधी बेंबीपाशी दुखत होते, आता उजवीकडे खाली दुखते’ हे एक वाक्य डॉक्टरांना फार मोठी गोष्ट सांगून जाते. प्रत्येक रुग्णात असेच घडते असे नाही, पण पुष्कळांत घडते.

आता आपल्या भागातील समजूत आठवा. बेंबीपाशी दुखू लागले की ‘बेंबी सरकली’ असे घरातील वडीलधारी म्हणतात, आणि शेजारच्या हिंदी घरात ‘नाभि खिसक गई’ असे म्हणतात. मग पोट चोळले जाते, एरंडेल पाजले जाते. माझ्या महाविद्यालयातील वसतिगृहाच्या एका विद्यार्थ्याचे सुटीत गावी असेच झाले. पहिल्या दिवशी पोट चोळले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे गेले, आणि तिसऱ्या दिवशी ते एकाएकी कमी झाले. घरात सर्वांना हायसे वाटले. वास्तविक आंत्रपुच्छ फुटले होते आणि त्यातील पू पोटात पसरत होता. शस्त्रक्रियेने तो वाचला, पण महिनाभर अंथरुणावर होता. पुढे मी त्याला विचारले, ‘दुखणे सरकले हे तू कुणाला सांगितले नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, ते सांगायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.’ मुलगा हुशार होता. पाचन तंत्राची आकृती काढून त्याने परीक्षेत गुणही मिळवले होते. पण ती आकृती वहीत राहिली होती, स्वतःच्या पोटावर उतरली नव्हती.

हे आपल्या सीमाभागात का घडते, याचा विचार भाषेचा अभ्यासक म्हणून मला करावासा वाटतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश मध्य प्रदेशात राहिला, आणि २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर इंग्रजी. बऱ्हाणपुरात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे आणि युनानीचेही. त्यामुळे एकच अवयव येथे चार नावांनी वावरतो. वैद्य यकृत म्हणतात, हकीम जिगर म्हणतात, डॉक्टर लिव्हर म्हणतात, आणि घरात आपण काळीज म्हणतो, तेही हृदय समजून. मराठीत ज्याला जठर म्हणतो, त्याला शाळेतील हिंदी पुस्तकात आमाशय म्हणतात. मज्जातंतूंची गत याहून निराळी नाही. हिंदीत आणि मराठी विश्वकोशात तंत्रिका, महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत चेता, जुन्या मराठीत मज्जातंतू किंवा ज्ञानतंतू. बोलण्यात मात्र रक्तवाहिनी, स्नायूचा बंध आणि मज्जातंतू या तिन्हींना आपण ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणून मोकळे होतो.

शब्दांची ही श्रीमंती आहे, परंतु तिची सांगड घालून दिली नाही तर मुलाच्या हाती ‘पोट दुखते’ एवढे एकच वाक्य उरते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, आणि पुढील काही दशकांत तेथे मराठीतूनही वैद्यक शिकवले गेले. तेव्हा शिक्षकांना देहातील प्रत्येक भागासाठी मराठी शब्द शोधावा लागला. आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. शब्द तयार आहेत, ते एकमेकांशेजारी मांडायचे आहेत.

आणखी एका धोक्याचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे. हृदयाच्या झटक्याची वेदना कधी कधी फासळ्यांखालच्या खळगीत जाणवते. मनुष्य ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पितो आणि वेळ गमावतो. मध्यम वयाच्या माणसाला खळगीत दाब वाटत असेल, आणि सोबत घाम, दम किंवा डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते पोटाचे दुखणे समजून घरी थांबू नये.

म्हणून या शाळेला माझी एक विनंती आहे. वर्गातील फळ्यावर मानवी देहाची बाह्यरेषा काढावी आणि प्रत्येक अवयवापुढे मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तिन्ही नावे लिहावीत. मुलांनी बेंबी, खळगी, कूस आणि ओटीपोट या जागा स्वतःच्या शरीरावर दाखवाव्यात. मग प्रत्येकाने पाच गोष्टी सांगण्याचा सराव करावा : दुखणे कोठे सुरू झाले, केव्हा सुरू झाले, ते कोठे सरकले, कसे दुखते, आणि सोबत आणखी काय होते. हा विज्ञानाचा तास होईल आणि भाषेचाही. घरी जाऊन मुलांनी हेच आजी-आजोबांना सांगावे. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही ‘आजी, आधी पोट चोळू नकोस, डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणता येते.

गुरुजींनी मुलांच्या हाती अक्षरे दिली. त्या अक्षरांतून आपल्याच देहाची वार्ता नीट सांगता येणे हा शिक्षणाचा अगदी प्राथमिक उपयोग आहे. तो या शाळेत साधला, तर त्यांचे स्मरण योग्य रीतीने झाले असे मी समजेन.