मूत्राशयातील वीज आणि खाडीचे मीठ : स्वागताध्यक्षीय भाषण

मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूत वीज असते, याबद्दल वाद नाही. ती शरीराच्या बाहेरून खात्रीने मोजता येते का, यावर मात्र जाणकारांचे एकमत नाही. त्या वादासाठी या परिषदेला जमलेल्या डॉक्टर, अभियंते आणि परिचारिका प्रतिनिधींचे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांतर्फे स्वागत असो. स्वागताध्यक्षाने विषयावर थोडे आणि गावावर भरपूर बोलावे, अशी रीत आहे. ती येथेही पाळली जाईल.

हृदयाची वीज छातीवरून मोजली, तर ती एक मिलिव्होल्टच्या आसपास भरते आणि ठोक्यागणिक ठरलेल्या वाटेने पसरते. मूत्राशयाच्या पेशी एकमेकींशी तितक्या घट्ट बांधलेल्या नसतात. विजेची हालचाल एका कोपऱ्यात होते आणि बहुधा तिथेच थांबते. त्वचेपर्यंत पोचतात ते मायक्रोव्होल्ट. त्यांवर हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, पोटाचे स्नायू आणि भिंतीतल्या वायरींची ५० हर्ट्झची गुणगुण चढते. शिवाय भरताना मूत्राशय स्वतःच जागा बदलते आणि इलेक्ट्रोड जरा सरकला, की तोही आलेखावर लाट काढतो. जुन्या पोथीत नकलकाराने आपल्या पदरच्या ओव्या घुसडाव्यात, तसा हा प्रकार आहे. कैरोचे शल्यविशारद अहमद शफिक यांनी ‘इलेक्ट्रोव्हेसिकोग्राम’ या नावाने अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतले स्नायूचे किती आणि हालचालीचे किती, हा प्रश्न मिटलेला नाही.

म्हणून रुग्णालयात भरवसा दाबमापनावर असतो. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदाशयात आणि दोन्ही दाबांची वजाबाकी. वीज मोजली जाते ती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावून. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णात मूत्राशय आकुंचन पावत असतानाच खालचा स्नायू आवळला जातो. हा बेबनाव त्या नोंदीत स्पष्ट दिसतो आणि पुढे मूत्रपिंडे वाचवायची, तर तो वेळीच दिसावा लागतो.

आता गाव. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली. हे आजवरच्या प्रत्येक स्वागताध्यक्षाने सांगितलेले असल्यामुळे येथे लांबवलेले नाही. विनायक लक्ष्मण भावे यांचे नाव मात्र त्या मानाने फार कमी ऐकू येते आणि हा अन्याय आहे. भाव्यांचा जन्म १८७१ चा. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, तेव्हा या संस्थापकाचे वय अवघे एकवीस होते. मुंबईला असे संग्रहालय १८९८ मध्ये झाले, म्हणजे ठाण्यानंतर पाच वर्षांनी. मुंबईकर प्रतिनिधींनी याची कृपया नोंद घ्यावी. भावे शिकले विज्ञान, व्यवसाय केला मिठागरांचा आणि आयुष्य वेचले जुन्या मराठी हस्तलिखितांपायी. प्राचीन कवींसाठी त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १९२६ मध्ये ते गेले. संग्रहालय आजही चालू आहे. प्रतिनिधींनी एक सत्र बुडवून तिथे जावे. स्वागत समिती कानाडोळा करील.

भाव्यांचा परिषदेशी संबंध मिठाचा. चांदी आणि चांदीच्या क्लोराइडचा इलेक्ट्रोड त्वचेवर चिकटवताना मधल्या लेपात क्षार लागतात. त्यांच्यावाचून शरीरातली वीज तारेपर्यंत नीट येत नाही. मूत्राशयाच्या पेशीत सोडियमपेक्षा कॅल्शियमचे महत्त्व अधिक आहे, अशी जाणकारांची हरकत आहे. समितीने ती नोंदवून घेतली आहे. संबंध मात्र सोडलेला नाही.

कल्याणची गोष्ट याहून कितीतरी जुनी. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे दानलेख आहेत. अमेरिकेत १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. परिषदेपुरता एवढा एक धागा पुरेसा आहे. डोंबिवलीने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. शिवाय लघवी दाबून धरण्याचा अनुभव या शहरांइतका फार थोड्यांना असेल. निरोगी मूत्राशयाला दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेला ते भरते. कल्याण ते मुंबई हे अंतर ५४ किलोमीटर आहे, लोकलमध्ये शौचालय नसते आणि फलाटावरच्या स्वच्छतागृहाबद्दल, विशेषतः बायकांच्या, न बोललेले बरे. या विषयाचा एखादा शोधनिबंध येथील प्रवाशांवर व्हावा, असे समितीला वाटते.

कान्हेरीच्या दात्यांची नावे दगडावर कोरली गेली; समितीने फ्लेक्सवर भागवले आहे. त्यात वागळे इस्टेटमधील लघुउद्योजकांची नावे आहेत. जनरेटर त्यांचा, आणि नोंदी घेताना तो बंद ठेवण्याची तयारीही त्यांचीच. डोंबिवलीतील पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या भगिनींनी दोन्ही दिवसांचे जेवण केवळ खर्चाच्या दराने दिले. कल्याणच्या भाजी व्यापाऱ्यांनी भाजीचे पैसे घेतले नाहीत. मंडपवाल्यांनी निम्मी उधारी पुढच्या वर्षावर ढकलली. ज्यांचे नाव फ्लेक्सवरून गळले, त्यांनी राग मानू नये. उणिवेची जबाबदारी समितीची आहे.

उणिवा आणखीही आहेत. मागच्या रांगांना पंखे कमी पडतील. निवासाची सोय घोडबंदर रस्त्यावर झाली, त्यामुळे सकाळच्या सत्राला येताना वाहतूक आडवी येईल. न्याहारीला तर्रीदार मिसळ आणि वर चहा ठेवला आहे. दोन्ही अतिसंवेदनशील मूत्राशयाला वर्ज्य असल्याचे तज्ज्ञांनी कळवले, पण तोवर आचाऱ्याला विसार दिला गेला होता. ताकाची सोय केली आहे.

समारोपानंतर लोकल पकडणाऱ्या प्रतिनिधींनी सभागृहाच्या डाव्या बाजूच्या स्वच्छतागृहात आधी जाऊन यावे, ही विनंती.