सूर मोजावा कीं ऐकावा?

धान्य मापावें, कापड मोजावें, सोनें तोलावें. याविषयीं बाजारांत कोणाचा वाद नसतो. पण सूर कशानें घ्यावा? कानानें, असें उत्तर कोणीहि चटकन् देईल. परंतु आज हें उत्तर वाटतें तितकें सोपें राहिलेलें नाहीं. हेडफोन विकत घेणारा तरुण आधीं त्याच्या ध्वनीचा आलेख पाहतो आणि मग तो कानाला लावतो. गाणें शिकणार्‍या मुलीसमोर तंबोर्‍याच्या जागीं मोबाइलच्या पडद्यावरचा कांटा असतो. कांटा मध्यावर आला कीं सूर बरोबर, ढळला कीं चूक! यंत्र एक सांगतें आणि कान दुसरें सांगतो, तेव्हां खरें कोणाचें मानावें, हा प्रश्न मग घरोघर उभा राहतो.

हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मास आलेला नाहीं. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं सातारा, सांगली आणि मिरज या कृष्णाकांठच्या टापूंत तो मोठ्या चुरशीनें लढविला गेला, आणि त्या लढ्यांत एक निवृत्त सरकारी अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक थोर गवई अशीं तीन निराळ्या जातकुळीचीं माणसें एकत्र आलीं होतीं. ती हकीगत श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी अशी आहे; कारण आजच्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर तींत सांठविलेलें आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल (१८४७-१९३१) हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत सप्तकाच्या बावीस श्रुति सांगितल्या आहेत. त्या ओळखण्याची रीत भरतांनीं दोन वीणांच्या साहाय्यानें सांगितली: एक वीणा अचल ठेवावी, दुसरीचे स्वर क्रमाक्रमानें उतरवीत न्यावे, आणि दोहोंतील अंतर कानानें पारखावें. श्रुति या शब्दांतच ‘श्रु’ म्हणजे ऐकणें हा धातु आहे. जी ऐकूं येते ती श्रुति. आंकडा त्यांत कोठेंहि नाहीं. देवलांना मात्र आंकडा हवा होता. पश्चिमेकडील ध्वनिशास्त्र ज्या गणितानें स्वर सांगतें, त्याच गणितानें आपल्या श्रुति सांगितल्या म्हणजे हिंदी संगीत हें नुसती वहिवाट नसून शास्त्र आहे असें जगास दाखवितां येईल, अशी त्यांची उमेद होती. या अभ्यासाचें फळ म्हणजे ‘हिंदु म्युझिकल स्केल अँड दि ट्वेंटी-टू श्रुतीज्’ हें त्यांचें इंग्रजी पुस्तक. तें १९१० सालीं पुण्यास छापलें गेलें.

स्वर मोजण्याचें तत्त्व समजण्यास अवघड नाहीं. ताण तसाच ठेवून तारेची लांबी निम्मी केली कीं तिचीं आंदोलनें दुप्पट होतात व वरचा षड्ज ऐकूं येतो. लांबी दोन तृतीयांश ठेवली कीं पंचम, आणि चार पंचमांश ठेवली कीं गंधार बोलतो. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर गंधाराचीं ३००, मध्यमाचीं ३२० आणि पंचमाचीं ३६० होतात. धैवताला मात्र दोन जागा संभवतात. मध्यमाशीं गंधाराचें नातें जुळवून घेतलेला धैवत ४०० वर येतो. ऋषभाशीं पंचमाचें नातें जुळवून घेतलेला ४०५ वर जातो. चारशांत पांचांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. जाणत्या कानाला तो स्वच्छ कळतो, आणि श्रुतींचा सारा वाद अशाच पांच-पांच आंदोलनांचा आहे.

पण तारेवर कोणता सूर खरा म्हणून धरावा? येथेंच देवलांना खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२-१९३७) यांची गरज लागली. खांसाहेब मूळचे उत्तरेकडील कैराना गांवचे. पुढें ते मिरजेचे झाले आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आज त्यांची समाधि आहे. त्यांचा गळा इतका सुरेल, कीं श्रुति दाखवायची ती त्यांनींच. देवलांच्या गणिताला आधार मिळाला तो या गळ्याचा. या कार्यांत सातार्‍याचे डिस्ट्रिक्ट जज्ज अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीं मनापासून भाग घेतला. देवलांच्या पुस्तकाला त्यांनीं प्रस्तावना लिहिली आणि १९१३ सालीं हिंदी संगीतावर स्वतःचें पुस्तकहि प्रसिद्ध केलें. १९११ च्या सुमारास सातार्‍यास ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली, आणि सप्तकांत बावीस श्रुति देणारी एक खास पेटी तयार करविण्यांत आली.

ही खटपट कशासाठीं, हें समजण्यास साध्या पेटीचा दोष ध्यानीं घेतला पाहिजे. कोणतीहि पट्टी षड्ज मानून गातां यावें म्हणून साध्या पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळें २४० च्या षड्जावर तिचा गंधार ३०० ऐवजीं सुमारें ३०२.४ वर बोलतो. तंबोर्‍याच्या षड्जांतून त्याच्या पांचपट उंचीचा, म्हणजे १२०० आंदोलनांचा एक सूक्ष्म नाद आपोआप उमटत असतो. खर्‍या गंधाराचा चौपट नाद त्यांत साखरेसारखा विरघळतो. पेटीच्या गंधाराचा चौपट नाद मात्र १२०९ च्या पुढें जातो, आणि दोहोंच्या घर्षणानें सेकंदाला नऊ-दहा ठोके पडूं लागतात. कानाला हा गंधार कर्कश कां वाटतो, याचें कारण हें असें आहे. म्हणजे ज्या गोष्टीला आपण कानाची आवडनिवड म्हणून सोडून देतों, तिच्या मुळाशीं पक्कें गणित असतें. हें दाखवून दिलें हा देवल-क्लेमेंट्स यांचा मोठाच उपकार होय.

यानंतर मात्र कथेला कलाटणी मिळते. मार्च १९१६ मध्यें सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथें देवल व क्लेमेंट्स आपली श्रुतींची पेटी घेऊन गेले. नामांकित उस्तादांच्या गायनाशीं ती ताडून पाहण्यांत आली. पेटी आणि गळा यांचें जुळलें नाहीं, आणि परिषदेनें त्या पेटीवर मान्यतेची मोहोर उठविली नाहीं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा या मोजमापाला पहिल्यापासून विरोध होता. ज्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग १९१० सालींच निघाला होता, त्या भातखंड्यांचें म्हणणें असें, कीं रागांची मांडणी करण्यास बारा स्वर पुरेसे आहेत, बावीस जागा आंकड्यांनीं ठोकून बसविणें हें प्राचीन ग्रंथांतून सिद्ध होत नाहीं आणि गवयांच्या गाण्यांतूनहि सिद्ध होत नाहीं.

मग देवल हरले आणि कान जिंकला, असें म्हणावें काय? तसें म्हणणें घाईचें होईल. क्लेमेंट्स साहेबांच्याच कचेरींतला दाखला घ्यावयाचा, तर साक्षीदार आणि न्यायाधीश यांचीं कामें निराळीं असतात. तार साक्ष देते: इतकीं आंदोलनें झालीं. ती साक्ष खरीच असते. परंतु हा सूर या रागांत, या ठिकाणीं योग्य आहे कीं नाहीं, हा निवाडा तार देऊं शकत नाहीं. देवलांनीं एका गळ्याची साक्ष घेतली आणि ती सर्व गळ्यांचा कायदा म्हणून मांडली. बडोद्यास अडचण आली ती येथें. पुढें १९६३ सालीं जैराझभॉय आणि स्टोन यांनीं, व १९८२ सालीं मार्क लेव्ही यांनीं उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे सूर यंत्रानें मोजले. त्यांना असें आढळलें, कीं एकच स्वर निरनिराळे कलावंत थोड्या निराळ्या जागीं घेतात. इतकेंच नव्हे, तर एकच कलावंत एकाच रागांत तो थोडा वर-खालीं नेतो. म्हणजे देवलांच्या मोजमापाची मर्यादा दाखवून दिली तीहि अखेर अधिक चांगल्या मोजमापानेंच!

मापाची आणि कानाची ही सोबत प्रथमपासूनची आहे. स्वरांचीं अंतरें मोजण्यास आज जगभर ‘सेंट’ हें परिमाण वापरतात. सप्तकाचे १२०० सेंट. तें रूढ केलें इंग्लंडांतील अलेक्झांडर एलिस यांनीं, १८८५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत. या एलिसांना स्वतःला सुराचा कान नव्हता. सूर पारखण्याचें काम ते आपले मित्र हिप्किन्स यांच्या तयार कानावर सोंपवीत. सार्‍या जगाला सुराचें माप देणारा माणूसहि असा दुसर्‍याच्या कानावर विसंबून होता!

मिरजेंतहि याचा प्रत्यय येतो. एकोणिसाव्या शतकापासून तेथील शिकलगार घराण्यांतील कारागीर तंबोरे आणि सतारी घडवीत आले आहेत. २०२४ सालीं मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोर्‍याच्या घोडीचा माथा किंचित् गोलसर घांसून, तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवीत कारागीर जवारी लावतो. कान तृप्त झाला कीं हात थांबतो. या घोडीचें रहस्य सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं शास्त्राच्या भाषेंत मांडलें. साध्या तारेचा नियम असा, कीं ज्या बिंदूवर तार छेडावी, तेथें स्थिर राहणारे उपनाद उमटूं नयेत. तंबोर्‍यांत मात्र ते खणखणीत उमटतात. कानानें जें पिढ्यान् पिढ्या साधलें, त्याचें कारण शास्त्रानें मागाहून दिलें. दोघांचाहि मान येथें राहिला.

याचा अर्थ, ज्याला दोन कान आहेत त्यानें मोजमापाला हंसावें, असा मात्र नाहीं. कान संवयीचा गुलाम असतो. रात्रंदिवस पेटीबरोबर गाणार्‍याला पेटीचाच गंधार खरा वाटूं लागतो. याच भीतीनें ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला आपल्या दारांतून बाहेर काढलें, आणि ती बंदी १९७१ सालीं सैल होईपर्यंत टिकली. कान डोळ्यांच्याहि आहारीं जातो. महागड्या हेडफोनची किंमत आधीं वाचली, कीं त्याचा आवाज गोड लागतो; दोन हेडफोनांपैकीं जो किंचित् मोठ्यानें वाजतो तो उगाच सरस भासतो.

हेडफोनची परीक्षा कृत्रिम कान बसविलेल्या साच्यावर करतात व तिचा आलेख काढतात. तो आलेख एका आदर्श रेषेशीं ताडून पाहतात. पण ही आदर्श रेषा आली कोठून? हार्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ च्या सुमारास हेडफोनचें नांव कळूं न देतां श्रोत्यांना निरनिराळे आवाज ऐकविले आणि बहुसंख्यांना जो रुचला, त्यावरून आपली सुप्रसिद्ध रेषा आंखली. म्हणजे जिला आपण यंत्राचा निकाल समजतों, ती कानांचीच मतमोजणी! शिवाय माणसामाणसाच्या कानाची ठेवण निराळी. हेडफोन नीट न बसतां फट राहिली, तर खालचे नाद निसटून जातात. आलेख कितीहि चोख असला, तरी तो ज्याच्या त्याच्या कानाचा आलेख नव्हे.

यावरून सुजाण कुटुंबानें घ्यावयाचा बोध साधा आहे. हेडफोन निवडतांना आलेख पाहावा. त्यानें उघड वाईट माल वगळला जातो. मग उरलेले सारख्याच आवाजांत, शक्य तर नांव न पाहतां, ओळखीचें गाणें लावून ऐकावे आणि निर्णय कानानें द्यावा. पण मुलांच्या गाण्याच्या बाबतींत अधिक जपलें पाहिजे. पडद्यावरचा कांटा बहुधा पेटीच्या बारा समान भागांनुसारच बेतलेला असतो. मुलगी तंबोर्‍यांत मिसळून जाणारा खरा गंधार लावते; तो ३८६ सेंटांवर असतो. कांट्याला हवे असतात ४००. तो म्हणतो, सूर चौदा सेंट उतरला! बिचारी मुलगी गोंधळते आणि बरोबर लागलेला सूर चढवून चुकीचा करते. अशी चूक वर्षभर घटवली, कीं ती पुढें आयुष्यभर निघत नाहीं. म्हणून आधीं तंबोरा, गुरूचा गळा आणि सावकाश घडत जाणारा कान. कांटा त्यानंतर, आणि तोहि शंका फेडण्यापुरता.

देवलांची पेटी मागें पडली, तरी त्यांची जिज्ञासा व्यर्थ गेली नाहीं. सुराचा हिशेब मांडतां येतो हें त्यांनीं दाखविलें, आणि तो हिशेब कोठें अपुरा पडतो हें बडोद्याच्या उस्तादांनीं दाखविलें. हीं दोन्ही सत्यें ज्यानें एकत्र संभाळलीं, त्याला यंत्राची भीति वाटणार नाहीं आणि कानाचा फाजील अभिमानहि होणार नाहीं.